दळवीकाकांचे खाजगी प्रयोग

दळवीकाका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ते इटालियन होते.

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर पत्रपेट्यांची रांग होती. आमच्या शेजारच्या पेटीवर 'मॅन्युएल डेल्वी' अशी पट्टी होती. पेटीचे मालक उंच, नाकेले, पांढरे केस मागे वळवलेले गृहस्थ. गळ्यात लाल रुमाल बांधलेला असे. रोज सकाळी ते टोपी उचलून माझी चौकशी करत, तीही दोन्ही हात हवेत फिरवत, प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक 'आ' जोडून. मी नवऱ्याला, निखिलला, सांगितलं की शेजारी एक इटालियन आजोबा आहेत, फार गोड आहेत.

पुढच्या आठवड्यात लाल रुमाल गेला. आजोबा हात खिशात घालून उभे होते आणि नाकातून बोलत होते, अगदी इथल्या जुन्या शेतकऱ्यांसारखं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते एका पायाने लंगडत होते आणि शाळेच्या हेडमास्तरांसारखे माझ्याकडे चष्म्यावरून बघत होते. निखिल म्हणाला, ट्विन्स असतील. मी म्हटलं, तिघं आहेत. मग तो म्हणाला, तू दिवसभर घरात एकटी असतेस यार, जरा बाहेर पड, काहीतरी जॉइन कर.

त्याचं खरं होतं. नागपूरला मी बँकेत नोकरी करत होते. इथे निखिलच्या व्हिसावर आले होते आणि मला काम करायची परवानगी नव्हती. त्यामुळे लायब्ररी, बस आणि तळघरातलं कपडे धुवायचं मशीन एवढंच माझं सार्वजनिक आयुष्य होतं. त्यातल्या मशीनशी माझं अजिबात पटत नव्हतं. एका दुपारी त्यानं नाणं गिळलं आणि ते ढिम्म उभं राहिलं. मी त्याला मराठीत जे काय बोलायचं ते बोलले. तेव्हा मागून आवाज आला, "खालच्या अंगाला एक थाप मारा. ते तेवढंच ऐकतं."

मागे डेल्वी उभे होते. त्यांच्या हातात धुण्याची पिशवी होती आणि तोंडात स्वच्छ, घडी न मोडलेलं मराठी.

मी विचारलं, तुम्ही मराठी कुठे शिकलात? ते म्हणाले, "गिरगावात. आईकडून."

त्यांचं खरं नाव मनोहर दळवी. कापडाच्या गिरण्यांचं तंत्र शिकायला म्हणून ते तरुणपणी मँचेस्टरला गेले. तिथल्या एका नाटक कंपनीला पौर्वात्य राजाच्या दरबारात ट्रे घेऊन उभा राहणारा एक माणूस हवा होता. वर्गातल्या कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं. ते ट्रे घेऊन उभे राहिले, आणि गिरण्या राहून गेल्या. कंपनीच्या मालकाला 'दळवी' म्हणता येईना, म्हणून त्यानं डेल्वी केलं. मनोहरचं मॅन्युएल केलं, कारण त्याच्या मते अशा नावाच्या माणसाला स्पॅनिश, मेक्सिकन, तुर्की, अरब, बर्मी अशी कुठलीही कामं देता येतात. आणि तशी ती दिलीही. उभ्या कारकिर्दीत काकांनी सगळ्या देशांचे लोक केले. मराठी माणूस मात्र एकदाही करायला मिळाला नाही.

रंगभूमीवर ते अनेक वर्षं बदली नट होते. म्हणजे मोठ्या नटाची सगळी भूमिका पाठ करून पडद्यामागे बसायचं आणि तो आजारी पडायची वाट बघायची. "इंग्रज नट आजारी पडत नाहीत," काका सांगत. "पडले तरी येतात." मग टेलिव्हिजनवर एका हॉस्पिटलच्या मालिकेत त्यांना डॉक्टरचं काम मिळालं. ते बरीच वर्षं चाललं. लंडनच्या रस्त्यात लोक त्यांना थांबवून बाही वर करून पुरळ दाखवायचे. काका पुरळ नीट बघायचे आणि सांगायचे, दोन दिवस थांबा, नाही गेलं तर डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं खरं की खोटं, हे मात्र मला आणि निखिलला बरेच दिवस ठरवता आलं नाही. ज्याला आपण आजवर तीन वेगवेगळी माणसं म्हणून ओळखलं, त्याच्या चौथ्या माणसावर एकदम विश्वास कसा ठेवायचा?

त्यांचं मराठी घर सोडलं त्या वर्षीच थांबलं होतं. ते सिनेमाला बोलपट म्हणत, रेडिओला नभोवाणी आणि पँटला विजार. निखिलनं एकदा म्हटलं, काका, मी तुम्हाला स्टेशनवरून पिक अप करतो. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी काही तेवढा हलका राहिलेलो नाही." कोणी भरभर बोलायला लागलं की हात वर करून म्हणत, "इथे पॉज घे." माझी आई फोनवर रडवेली झाली आणि मी घाईघाईनं समजूत घालायला लागले, तेव्हाही त्यांनी समोरून तोच हात वर केला. मी पॉज घेतला. आई आपली आपण शांत झाली. दाराची बेल चुकीच्या वेळी वाजली की ते म्हणत, "एंट्री चुकली." जेवायला बोलावलं तर वेळेच्या जरा आधी येत आणि दाराबाहेर उभे राहत. मी एकदा दार उघडलं तर म्हणाले, "अजून वेळ आहे. तू आत जा."

सर्वांत विचित्र म्हणजे त्यांचं म्हाताऱ्या अमेरिकन लोकांना गाठणं. बसमध्ये एखादी नव्वदीची बाई दिसली की काका शेजारी जाऊन बसत आणि विचारत, तुमच्या लहानपणी, फ्रिज नव्हते तेव्हा, या गावात घरोघर बर्फ कोण टाकायचं? तो पायऱ्या चढताना काही ओरडायचा का? फळवाल्याच्या गाडीला घोडा होता की तो स्वतः ओढायचा? पियानो लावायला येणारा माणूस बूट काढायचा का? बायका खुशीत येऊन सांगत. काका अशा लक्षानं ऐकत की मला वाटे, हे गावाचा इतिहास लिहीत असावेत. मी तसं विचारलंही. म्हणाले, "इतिहास नाही. पाठांतर."

मला त्यातलं काहीही कळलं नाही.

इथल्या मराठी मंडळाला काकांचा पत्ता लागला तो माझ्यामुळेच. मंडळाच्या अध्यक्षीणबाई एकदम उत्साहात आल्या. ब्रिटिश रंगभूमी आणि चित्रपटसृष्टी गाजवणारे मराठी अभिनेते आपल्या गावात राहतात आणि आपल्याला माहीत नाही, म्हणजे काय? शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठरला. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा आणि जेवणाआधी काकांचा एक चित्रपट पडद्यावर बघायचा. लायब्ररीतून डीव्हीडी मीच शोधून आणली. वाळवंटातल्या कसल्याशा युद्धाची गोष्ट होती.

सगळे डोळे ताणून बसले. उंटांचा तांडा आला. शेजारून काका हळूच म्हणाले, "तिसरा उंट." तिसऱ्या उंटावर कोणीच नव्हतं. "पलीकडून चालतोय," ते म्हणाले. उंट गेला. मग किल्ल्याच्या दाराशी एक पहारेकरी दिसला. त्याच्या पाठीत सुरा बसला आणि तो जिन्यावरून गडगडत खाली आला. काका म्हणाले, हा मी. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत मारेकऱ्यानं तोंडावरचा रुमाल काढला, आणि काका जरा संकोचून म्हणाले, हाही मीच. ज्या नटाला मारेकरी करायचा होता त्याचं त्या दिवशी पोट बिघडलं होतं.

अध्यक्षीणबाईंचा गोंधळ उडाला. त्यांनी माइकवर विचारलं, म्हणजे सर, तुम्ही तुम्हालाच मारलंत?

"हो," काका म्हणाले. "पण मेलेल्याचं काम जास्त बरं झालंय."

लोक हसले, पण जेवताना हॉलभर एकच चर्चा होती. काही जण म्हणत होते की पहारेकरी काकाच, पण मारेकरी नक्की दुसरा होता. काहींचं उलट मत होतं. एक आजोबा म्हणाले, मला तर उंटाच्या पलीकडचेच तेवढे ओळखू आले. कोणीतरी काकांना विचारलं, इथे आल्यावर कामं मिळत नाहीत का? ते म्हणाले, आल्या आल्या एका एजंटाचा फोन आला होता, अतिरेक्याचं काम आहे, दाढी वाढवाल का म्हणून. मी त्याला सांगितलं, मला अजून विमानात बसायचंय.

सत्काराची शाल घेऊन आम्ही बसनं परतलो, तेव्हा काकांनी मला विचारलं, "तुला शिवता येतं का गं?"

माझ्या आईनं मला सुईदोरा हातात देऊनच वाढवलंय. दुसऱ्या दिवशी काका एक जुनाट कोट घेऊन आले. खांद्यावर चामड्याचा तुकडा ठोकलेला, कोपर झिजलेलं. त्याला पितळी बटण लावून हवं होतं. नंतर एक वेस्टकोट आला, मग पांढरी टोपी, मग आणखी काय काय. हे कपडे कोणाचे, असं विचारलं तर म्हणत, प्रयोगाचे. कुठल्या प्रयोगाचे, विचारलं तर हात वर करून पॉज घेत. मी टाके घालत राहिले. निखिल म्हणाला, इट्स नॉट नॉर्मल. मला तेव्हा त्याच्याशी वाद घालता आला नाही.

थंडी सरत आली असताना शिकागोहून एक बातमी आली. तिथल्या एका दिग्दर्शकानं काकांना फार पूर्वी लंडनला पाहिलेलं होतं. त्याच्या नव्या नाटकात एका म्हाताऱ्या घड्याळजीची भूमिका होती. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत तो माणूस स्टेजवर. ते काम काकांनी करावं अशी त्याची इच्छा होती. काकांकडे कॉम्प्युटर नव्हता म्हणून नाटकाची प्रत माझ्या ईमेलवर आली. मी लायब्ररीत जाऊन ती छापून आणली. काका आमच्या सोफ्यावर बसले आणि सहज वाचायला लागले.

मी कुकर लावायला उठले होते, तो राहिला. निखिल लॅपटॉपवर मॅच बघत होता, त्यानं लॅपटॉप मिटला. काकांनी आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. फक्त आमच्या समोर आमच्या सोफ्यावर एक म्हातारा घड्याळजी बसला होता. त्याचं दुकान उद्या बंद होणार होतं आणि तो गिऱ्हाईकांना सांगत होता की तुमची घड्याळं अगदी बरोबर आहेत, घरी जा. उंटाच्या पलीकडून चालणाऱ्या या माणसाला इतकं येत होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

निखिल म्हणाला की मंडळाची बस करून सगळ्यांना शिकागोला नेऊ. काका म्हणाले, "त्यांना लिही, मी आभारी आहे. पण सध्या माझे रोजचे प्रयोग चालू आहेत. तारखा नाहीत."

मी विचारलं, कुठे चालू आहेत?

"गावातच."

मी म्हटलं, मग आम्हाला तिकिटं द्या की.

"खाजगी आहेत," ते म्हणाले आणि उठले.

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दाराशी आलं, आणि या माणसानं दार लावून घेतलं. आम्ही दोघांनी त्यावर खूप डोकं चालवलं. निखिलचं मत झालं की एवढी मोठी भूमिका आपल्याला झेपणार नाही अशी त्यांना भीती वाटली असणार. मग तो म्हणाला, किंवा हे शिकागोवालेसुद्धा त्यांनीच कुठूनतरी उभे केले असतील. मला राग आला. कोणाचा ते मात्र नक्की कळेना.

त्याच सुमारास लायब्ररीतल्या बाईंनी मला सुचवलं की गावात वृद्धांचं एक नर्सिंग होम आहे. तिथे जाऊन म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवणारं कोणी हवंय. पगार नसल्यामुळे माझ्या व्हिसाला त्याची हरकत नव्हती. मी जायला लागले. तिथे एका खिडकीच्या खोलीत डॉरथी नावाच्या बाई होत्या. हडकुळ्या, निळ्या डोळ्यांच्या, कायम शाल नीट घेतलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या कुर्त्याची कड बोटांत धरली आणि म्हणाल्या, ही हाताची तुरपाई आहे, मशीनची नाही. नाव आणि वार त्यांना आठवत नसे. टाके मात्र ओळखू येत.

मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते तेव्हा दारावर टकटक झाली. दारात एक बर्फवाला उभा होता. डोक्यावर टोपी, खांद्यावर चामडं, हातात मोठा लोखंडी चिमटा. कोटाला मी लावलेलं पितळी बटण होतं.

मी उठून "काका" म्हणाले. बर्फवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण ते त्याला ठाऊकच नव्हतं. नाकातल्या आवाजात त्यानं मला नमस्कार केला आणि डॉरथीबाईंना विचारलं, आज किती टाकू? त्या म्हणाल्या, नेहमीएवढा, आणि मागच्या दारानं जा, आईनं फरशी पुसली आहे. मग त्यांनी त्याच्या म्हाताऱ्या आईची चौकशी केली. त्यानं आईच्या गुडघ्यांबद्दल, घोड्याबद्दल, तळ्यावर यंदा बर्फ किती जाड धरला याबद्दल सांगितलं. बसमध्ये ऐकलेलं सगळं मला आता त्याच्या तोंडून परत ऐकू येत होतं. मी वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते.

तो निघाला तेव्हा डॉरथीबाई म्हणाल्या, थांब. त्यांनी कोटाकडे बोट दाखवलं. तुझं बटण चुकलंय, याला चार भोकं आहेत, तुमच्या बटणांना दोन असतात.

तो म्हणाला, बायकोला सांगतो, आणि टोपी उचलून गेला.

मी मागोमाग बाहेर पळाले. काका कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर बसून ते बटण चाचपत होते. मला म्हणाले, "दोन भोकांचं. मला वाटलंच होतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग त्यांनी सांगितलं.

डॉरथी त्यांची बायको. जन्म आणि लहानपण याच गावातलं. तरुणपणी ती लंडनला नाटकांच्या वेशभूषेचं काम करायला गेली. तिथेही ट्रेच घेऊन उभ्या राहणाऱ्या एका नोकराची कॉलर तिला बघवेना. तिनं तोंडात टाचण्या धरून ती सारखी केली आणि टाचण्या तोंडात असतानाच त्याला रागावली. काका म्हणाले, ती काय बोलली ते मला अजून माहीत नाही, पण लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. पुढे म्हातारपणी तिला विसर पडायला लागला, आणि तो मागे मागे जात राहिला. आधी कालचं गेलं, मग मागच्या वर्षीचं, मग सगळं लंडन. रोज संध्याकाळी ती कोट घालून दारात उभी राहायची आणि म्हणायची, मला घरी जायचंय. काका म्हणायचे, हेच आपलं घर आहे. तिला ते पटायचं नाही. कितीतरी दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की ती कुठल्या घराबद्दल बोलते आहे. मग ते तिला इथे घेऊन आले. ते घर आता नव्हतं. त्या जागी गाड्या लावायची जागा झाली होती.

सुरुवातीला ते स्वतः म्हणूनच तिच्या खोलीत जात. पण तिला हा अनोळखी म्हातारा पाहून भीती वाटे, ती बेल वाजवून नर्सला बोलवायची. एकदा बर्फ पडत होता आणि ते लोकरीची टोपी घालून आत शिरले. ती म्हणाली, आज उशीर केलास, बर्फ कुठे आहे?

"मी काय करणार?" काका म्हणाले. "एंट्री झालेली होती. काम करावं लागलं."

तेव्हापासून ती ज्याची वाट बघत असेल त्याला ते घेऊन जात. कधी इटालियन फळवाला, कधी लंगडे हेडमास्तर, कधी दूधवाला, कधी पियानो लावणारा. मी विचारलं, तुमच्या रंगाचं तिला काही वाटत नाही का? ते म्हणाले, "रंगाचं काही नाही. बटण चुकलं की परत पाठवते."

मग मी न राहवून विचारलं, आणि नवऱ्याचं काम?

काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "त्या भूमिकेसाठी अजून बोलावणं आलेलं नाही."

घरी येऊन मी निखिलला सगळं सांगितलं. मग त्यानं आपल्या एका जुन्या जॅकेटची बटणं उलटून बघितली. दोन भोकांची होती. ती त्यानं कापून मला दिली.

त्यानंतर मी त्या प्रयोगांची कायमची माणूस झाले. डॉरथीबाईंनी मला शिवणकाम शिकायला आलेली मुलगी ठरवलं होतं आणि त्या माझ्याकडून कडा उसवून पुन्हा घालून घेत. कधीकधी आत येणारा माणूस कोण आहे हे मलाही आधी ठाऊक नसे. काका आत आले की एक क्षण आम्ही दोघी त्यांच्याकडे सारख्याच गोंधळून बघायचो. मग डॉरथीबाई ठरवायच्या, आणि काका तो माणूस व्हायचे.

पानगळीच्या दिवसांत निखिलचं प्रोजेक्ट टेक्सासला हललं. आम्हाला तिथल्या शुगर लँड गावी जायचं होतं. मी निरोप घ्यायला गेले त्या दुपारी डॉरथीबाई बाहेरच्या बैठकीच्या खोलीत पियानोजवळ बसल्या होत्या, आणि वेस्टकोट घातलेला, चष्मा लावलेला पियानोवाला एकेक पट्टी दाबून कान लावत होता. मी शेजारी बसून टाके घालत होते. मध्येच डॉरथीबाई त्याला म्हणाल्या, माझं लग्न झालंय, तुम्हाला माहीत आहे का?

पियानोवाल्याचं बोट पट्टीवर राहिलं. त्यानं तो स्वर विरू दिला. मग म्हणाला, नाही बुवा, मला कोणी सांगितलं नाही.

त्या म्हणाल्या, तो लंडनला नाटकात असतो.

पियानोवाल्यानं चष्मा पुसला आणि विचारलं, चांगला नट आहे का?

डॉरथीबाईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "फारसा नाही. पण तुम्ही बोलत असता तेव्हा तो तुमच्याकडे बघतो. बाकीचे सगळे आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतात."

पियानोवाल्यानं मान हलवली. त्या म्हणाल्या, आज संध्याकाळी तो मला जेवायला न्यायला येणार आहे, तेव्हा तुम्ही जरा लवकर आटपा.

त्यानं पियानोचं झाकण लावलं, पिशवी उचलली आणि तो बाहेर गेला. मीही गेले. कॉरिडॉरमध्ये काकांनी चष्मा काढला, वेस्टकोट काढला, आणि नुसत्या शर्टात उभे राहिले. ते कोणासारखेच दिसत नव्हते. मी त्यांना इतक्या दिवसांत असं कधी पाहिलं नव्हतं.

"मनोहर कसा येतो गं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे खोलीत कसा येतो? दार वाजवतो का? काही बोलतो का आधी? मला आठवत नाहीये."

मी म्हटलं, काका, तुम्ही आमच्याकडे जसे येता तसे या.

"तुमच्याकडे मी कोण म्हणून येतो, तेही मला कधी नक्की कळलेलं नाही," ते म्हणाले. नळाशी जाऊन त्यांनी केस ओले केले, मागे वळवले, रुमालानं बूट पुसले. दाराशी जाऊन थांबले, परत आले, पुन्हा गेले. मग काही न वाजवता आत शिरले. मी दारातच थांबले.

डॉरथीबाईंनी वर पाहिलं. त्यांना भीती वाटली नाही. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, कोण पाहिजे?

"मनोहर," काका म्हणाले. एवढंच.

डॉरथीबाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, ते माझे यजमान. आता येतीलच. तुम्ही त्यांच्या कंपनीतले का?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते सांगतील, की मीच तो. पण त्यांनी मान हलवून म्हटलं, हो, आम्ही एकत्रच काम करतो.

"मग बसा ना," त्या म्हणाल्या. "त्याला नेहमी उशीर होतो. तो येईपर्यंत बसा माझ्याजवळ."

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची शाल उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि जागा केली. काका बसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, अगदी पाहुण्यासारखे. डॉरथीबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघून घेतलं आणि मग दोघंही नवऱ्याची वाट बघत दाराकडे बघू लागले. दारात मी होते. मी बाजूला झाले.